चुकीच्या जागी तोडलेले शब्द

२ मार्च १९८७, सोम. जळगाव

आज तीन लग्नपत्रिका, एका फवारणीच्या औषधाचं माहितीपत्रक. तिन्ही पत्रिका इंग्रजीत. वर यावलचा, वधू रावेरची, जेवायला येणारे सगळे केळीवाले, पण पत्रिका इंग्रजीत. एका वरबापाला 'सॉलेम्नाइझ्ड' हा शब्द पाहिजेच. का, तर साडूच्या पत्रिकेत होता. शब्द ओळीत मावेना. म्हणाला, "मागची दोनचार अक्षरं उडवा ना, कोण वाचतं?" मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. प्रेसमालक नाना लगबगीने आले आणि मला आत पिटाळलं. गिऱ्हाइकांशी मी बोललेलं त्यांना आवडत नाही. मलाही आवडत नाही.

शाळेतली नोकरी सोडून सहा वर्षं झाली. तिथे हेडमास्तरांच्या इंग्रजीला लाल शाई लावली म्हणून गेले. इथे निदान लाल शाई लावण्याचाच पगार मिळतो.

५ मार्च, गुरु.

दगडूभाऊ आज सात वेळा टेबलाशी. तीस-एकतीस वर्षं छपाईचे खिळे जुळवताहेत, खिळ्यावरचं उलटं अक्षर बोटाने ओळखतात, पण इंग्रजीचं एक वाक्य वाचता येत नाही. ओळ संपत आली की हातात खिळे लावायची स्टिक घेऊन उभे. "मॅडम, हाऊ शब्द ओळमा मावत नही. कोठे तोडू?"

शेवटी बसवलं आणि नियम सांगितले. दोन सारखी अक्षरं शेजारी आली तर मधून तोडा. शेपटीच्या 'शन'ला हात लावू नका. पुढे 'डिस', 'अन', 'रि' असलं तर त्याच्यानंतर तोडा. एकटं अक्षर ओळीच्या टोकाला टांगू नका.

"बरोबर शे," म्हणाले. "एकलं अक्षर भिई जास."

मी एम.ए. इंग्रजी. आणि शिष्य कोण, तर अक्षर भितं म्हणणारा. पण संध्याकाळच्या गॅलीत, म्हणजे कच्च्या छाप्यात, एकही शब्द चुकीचा तुटला नव्हता. हे शाळेतल्या माझ्या दोन सहकारी बी.एड.ना कधी जमलं नाही.

९ मार्च, सोम.

धुळ्याहून डॉ. देवरे आले. वीस वर्षांनी पाहिलं. पोट सुटलंय, केसांना कलप, सफारीच्या खिशात तीन पेनं. कॉलेजात एका बाकाच्या अंतरावर बसायचा, परीक्षेत मात्र अंतर पुष्कळ. मी पहिली, तो कसाबसा. आता तो विभागप्रमुख आणि मी प्रुफं तपासते. असो.

"अरे, इंदू! तू इथे?" मालकांसमोर एकेरी. मी "या, डॉक्टर" म्हटलं.

पुस्तक आणलंय: लांब इंग्रजी शब्द फोडून कसे लक्षात ठेवावेत. धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेने आपल्या सगळ्या शाळांना लावायचं कबूल केलंय. जूनच्या आत छापून पाहिजे. नाना इतके वाकले की मला त्यांच्या टोपीचा आतला मळ दिसला.

"प्रुफं मी नाही बघत बसणार," देवरे म्हणाला. "ही असताना मला कसली काळजी?"

१० मार्च, मंगळ.

हस्तलिखित वाचायला घेतलं. पहिलं प्रकरण: 'असॅसिनेशन'. गाढव, त्यावर गाढव, त्यावर मी, माझ्यामागे राष्ट्र. दुसरं: 'लेफ्टनंट'. खोटं, तू, दहा, मुंगी. ही सगळी बस स्टँडवरची अक्कल. पाचवीतलं पोर मधल्या सुट्टीत सांगतं ते डॉक्टरेटवाल्याने कागदावर उतरवलं, आणि ते शाळांना लागणार.

गाढवावर गाढव. लेखकाचं चित्र छापायचं वेगळं कारण उरलं नाही.

१२ मार्च, गुरु.

चौथं प्रकरण वाचताना हात थांबला.

'शब्द म्हणजे केळीचा घड. ओढून तोडू नका. आधी फणी सोडवा, मग केळं. फणी म्हणजे शब्दाचा अर्थ असलेला तुकडा, केळं म्हणजे उच्चाराचा.'

हे माझं आहे. सदुसष्ट साली, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी दोनशे पानी वही केली होती. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं, 'एशन' म्हणजे क्रिया. एकेक शब्द असा सोडवून, खाली उच्चाराचे तुकडे. घडाचं उदाहरण आमच्या मळ्यातलं. देवरे साक्रीकडचा. त्याच्या गावात केळी लग्नात दाराला बांधायला मिळाली तरी पुष्कळ. त्याने घड उतरवलेला नाही, फणी सोडवलेली नाही. परीक्षेआधी वही मागून नेली होती, ती राहिली त्याच्याकडे.

चौथं ते नववं प्रकरण सगळं माझं. वाक्यंसुद्धा. मध्ये मध्ये गाढवं बांधलीत.

अक्काला सांगितलं. (मोठी बहीण, तिचा नवरा गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र.) भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग सांग ना त्याले, माही वही हाये म्हना."

सांगणार नाही. हिसका मारून परत घ्यावी इतकीही त्याची लायकी नाही.

१७ मार्च, मंगळ.

पहिला फर्मा जुळला. सोळा पानं. दगडूभाऊंनी ओळींच्या शेवटी शब्द असे तोडलेत की मीही तसेच तोडले असते. 'फोटोग्राफ' घेतला तर 'फोटो'नंतर. पण 'फोटोग्राफी' आली तर 'फ-टॉग-र-फी', कारण जोर सरकला की सांधा सरकतो. हे त्यांना एकदाच सांगितलं होतं, मागच्या आठवड्यात, जाता जाता.

एवढं सुंदर काम आणि कोणाच्या पुस्तकासाठी.

१९ मार्च, गुरु.

केलं.

दुसऱ्या प्रुफावर अकरा ठिकाणी खुणा. ओळीच्या शेवटचे अकरा शब्द, बरोबर तुटलेले, मी चुकीच्या जागी नेले. छापताना ओळी कुठे संपतील ते लेखकाला ठाऊक नसतं, त्यामुळे हे त्याचं नाहीच. तपासणारी मी. 'नोटेबल' आता 'नो' आणि 'टेबल'. म्हणजे टेबल नाही. 'लेजंड्स'चे 'लेग' आणि 'एंड्स', पायांची टोकं. 'मॅनस्लॉटर' असा तोडला की वरच्या ओळीत माणसाचा आणि खालच्या ओळीत हशा. मनुष्यवध होता, विनोद झाला. बाकीचे आठही त्याच जातीचे.

शब्द तोडायला शिकवणारं पुस्तक आणि त्यातच शब्द असे तुटलेले. वाचणारा एक जरी शहाणा निघाला तरी देवरेला धुळ्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

दगडूभाऊ प्रूफ घेऊन गेले. दहा मिनिटांनी आले. "मॅडम, आठे तुम्हीन 'नो'नंतर तोडेल शे?"

"हो."

"बरं." गेले. अकरा ओळी पुन्हा जुळवल्या.

प्रूफ मी पिशवीत घालून घरी आणलं. कपाटात आहे.

२० मार्च, शुक्र.

फर्मा मशीनवर. दिवसभर खडखड. एकदा वाटलं उठावं आणि थांबवावं. उठले नाही. चहा घेतला.

२४ मार्च, मंगळ.

काही नाही. एक सहकारी पतपेढीचा अहवाल. 'डिव्हिडंड'च्या चार वेगवेगळ्या स्पेलिंगा, एकाच पानावर. चेअरमनने चारही पास केल्यात.

३० मार्च, पाडवा

सुट्टी. अक्काने गुढी उभारली, मी गाठी आणल्या. ती म्हणाली, "तुह्या तोंडावर गोड दिसत नाई." ऊन आतापासूनच चटका देतंय.

२ एप्रिल, गुरु.

छापील फर्मा देवरेंकडे गेला होता. आज नानांना टेलिफोन. बाहेरच्या खोलीतलं सगळं आत ऐकू येतं. नाना नुसते "हो साहेब, हो साहेब". फोन ठेवला आणि हाक मारली. मला नाही. दगडूभाऊंना.

"डोळ्यांवर पट्टी बांधून काम करता का? पुस्तकच शब्द तोडायचं आणि तुम्ही शब्दांचे खून केलेत!"

दगडूभाऊ हाताला लागलेली शाई धोतराला पुसत होते.

"मॅडमनी प्रूफ बरोबर दिलं असणार. तुम्हीच ओळ लावताना..." नाना माझ्याकडे वळले. "काय मॅडम?"

मी काय म्हटलं ते इथे लिहिते, कारण कुठेतरी लिहिलेलं असावं. मी म्हटलं, "बघावं लागेल."

एवढंच. बघावं लागेल.

६ एप्रिल, सोम.

दगडूभाऊंच्या खिळ्यांच्या केसपुढचं स्टूल रिकामं. नाना म्हणाले, वय झालं, घरी बसा म्हणालो. त्यांच्या जागी एक विशीतला आलाय, आयटीआयचा. 'अँड'चे तीन खिळे लावायला त्याला चहाच्या दोन कपांएवढा वेळ लागतो. 'द' हा शब्द आज दोन ओळींत तोडून आणला. मी बघत राहिले. 'द' कुठे तुटतो?

एकतीस वर्षं काम केलेला माणूस जातो आणि हे येतं. ह्या गावाला हेच शोभतं.

ज्या बाईने त्याला घालवलं तिच्याच तोंडी हे वाक्य आहे, हे लिहिल्यावर कळलं.

७ एप्रिल, मंगळ.

अक्काला सगळं सांगितलं. कपाटातलं प्रूफ दाखवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल शाई दिसते.

"मंग बुढ्याचं काय चुकलं?"

"काही नाही."

"आन् तू तठी उभी व्हती?"

"बसले होते."

भाकरीचा तवा खाली ठेवला तिने. "इंदू, लोक मूर्ख हायेत, मूर्ख हायेत, असं तू रोज सांगतं. मी आयकते. पन तो बुढा तं मूर्ख नव्हता ना व माय?"

जेवले नाही. ती बोलावायला आली नाही.

९ एप्रिल, गुरु.

रजा टाकून धुळ्याला. सकाळची एसटी, पारोळ्याला अर्धा तास उभी, चाक बदललं. प्रूफ पिशवीत.

देवरेचं घर देवपुरात, दारावर पाटी, पाटीवर नावाच्या शेपटीला डिग्र्यांची माळ. त्याच्या घरच्या बाई चांगल्या होत्या, पन्हं दिलं. त्याच्या खोलीत बसलो. मी आधी वहीचं बोलले. वाटलं होतं, नाकारेल.

"तुझीच वही," तो म्हणाला. उठून कपाटातून काढूनही दिली. कडा पिवळ्या, पुठ्ठ्याला दोरा. "मी परत करायला आलो होतो, इंदू. निकालाच्या दिवशी. तू म्हणालीस, ठेव तुलाच, मला पाठ आहे, तुला गरज पडेल."

मला आठवलं. अगदी तसंच म्हणाले असेन. त्या दिवशी मी कोणालाही काहीही असंच म्हटलं असेल.

"मग गरज पडली," तो म्हणाला. हसला नाही.

"नाव टाकायचं होतंस."

"टाकतो की. ऋणनिर्देशात. त्यात काय?" जणू मी भाजीत मीठ मागितलं. ह्या माणसाला चोरीसुद्धा धड करता येत नाही. चोरी करताना निदान चोरून करावी.

मग मी फर्म्याचं काढलं. म्हटलं, त्या चुका कंपोझिटरच्या नाहीत. माझ्या आहेत. मुद्दाम केल्या. अकरा.

"अकरा?" त्याने फर्म्याची प्रत काढली. त्यावर त्याची पेन्सिल. "मला तर चारच सापडल्या."

पाहिल्या. चारांपैकी दोन माझ्या. उरलेल्या दोन चुका नव्हत्याच. 'डिसीज' हा 'डिस' आणि 'ईज' असा तुटलेला. 'फोटोग्राफी' हा 'टॉग'वर तुटलेला. दोन्ही दगडूभाऊंनी बरोबर तोडलेले, मी शिकवल्याप्रमाणे. त्यांच्याभोवती ह्या विभागप्रमुखाने गोल काढून बाजूला लिहिलंय: 'अक्षम्य'.

म्हणजे माझा बाण लागला नाही. माझ्या नऊ चुका त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या, त्याला पत्ता नाही. 'माणसाचा हशा'सुद्धा दिसला नाही. मी ज्याच्यासाठी पाप केलं त्याला ते वाचता येत नाही. आणि म्हाताऱ्याचं काम गेलं त्यातलं अर्धं बरोबर असण्याबद्दल.

"नानांना फोन कर," मी म्हटलं. "सांग, त्यांची चूक नव्हती."

"सांगेन. पण काय सांगू? तू मुद्दाम केलंस म्हणू? आणि अकरा होत्या, मला चारच दिसल्या म्हणू?" हे मात्र त्याला लगेच कळलं. "त्यापेक्षा राहू दे. पुढच्या फर्म्यात काळजी घे."

वही घेऊन आले. परतीच्या बसमध्ये उघडली. अक्षर माझं, बाविशीतलं, टोकदार. समासात जागोजाग शेरे. 'हे ज्याला कळत नाही त्याने शिकू नये.' पाचव्या पानावर, अकराव्यावर, तिसाव्यावर. देवरेने पुस्तकात सगळं उतरवलंय, फक्त ते शेरे गाळलेत. पुस्तक त्यामुळे सुधारलंय, हे कबूल करायला बसमध्ये कोणी विचारत नव्हतं म्हणून केलं.

१० एप्रिल, शुक्र.

नानांपुढे प्रूफ ठेवलं. लाल शाई. अकरा. म्हटलं, दगडूभाऊंना परत बोलवा, मला काढा.

नानांनी चष्मा लावला, काढला. दार लोटून आले.

"मॅडम, तुम्हाला काढून इंग्रजी कोण बघणार? आणि खरं सांगू? पुढच्या वर्षी मी ऑफसेट घेतोय. खिळे भंगारात. म्हाताऱ्याला तेव्हा जायचंच होतं. मला तोंडावर सांगवत नव्हतं. कारण मिळालं."

म्हणजे मी कारण पुरवलं.

"शुद्धिपत्र छापायचं," मी म्हटलं. "प्रत्येक प्रतीला चिकटवायचं. अकराही. आणि त्यावर छापायचं की चुका मुद्रितशोधकाच्या आहेत, जुळाऱ्याच्या नाहीत."

"असं शुद्धिपत्र कुणी छापलंय का आजवर?"

"नाही."

"देवरे साहेब काय म्हणतील?"

"त्यांना वाचता येत नाही."

हसले ते. मग गंभीर झाले. "विचार करतो." प्रूफ त्यांच्या ड्रॉवरमध्ये.

१२ एप्रिल, रवि.

नशिराबादला गेले, दगडूभाऊंकडे. हायवेवर उतरून चालत. अंगणात बाजेवर बसून सुतळी वळत होते. हात रिकामा ठेवायची सवय नाही. सून पाण्याचा तांब्या देऊन गेली. मला पाहून उठले, खांद्यावरच्या टॉवेलने बाज झटकली.

वाटेत जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "भाऊ, त्या अकरा चुका मी केल्या. जाणूनबुजून."

सुतळीचा पीळ सुटू नये म्हणून पायाच्या अंगठ्यात धरला होता.

"तुम्हाला दिसत होतं ना? लाल शाई माझी होती. नानांना का नाही सांगितलं? माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं."

"दिसनं ना," म्हणाले. "माले बी वाटनं, हाई तं आपला नियममा बसत नही. तुम्हले ईचारं बी. तुम्ही हो म्हनात." मग सुतळी बाजेवर ठेवून, "मी म्हनं, मॅडम चुकनार नही. म्हंजे इंग्लिशमा तसंच व्हई. आपलीच समज कमी शे. नाना बोलना तव्हय बी मी तेच समजनू. मनीच चूक व्हई."

सहा वर्षं त्या माणसाला मी 'इंग्रजी न येणारा' म्हणून मनात खाली बसवून ठेवलं होतं. तो मला वर बसवून होता. इतकं वर की स्वतःच्या डोळ्यांना दिसलेलं खोटं ठरवलं आणि माझं खरं.

माफी मागितली. मराठीत मागायला फार वेळ लागला. 'माफ करा' हे दोन शब्द, चार अक्षरं, काही तोडायला नको, तरी.

त्यांनी "असू द्या" म्हटलं नाही. मला वाटलं होतं म्हणतील. म्हातारी माणसं म्हणतात. ते म्हणाले, "का करं?"

देवरेचं सांगितलं. वही, गाढवं, घड. सगळं ऐकून घेतलं.

"मंग तुमनी वही, तेनं पुस्तक, तेनं नाव. त्यामा मी कोठे व्हतू?"

चहा आला. प्यायले. शुद्धिपत्राचं सांगितलं. म्हटलं, नानांनी होकार दिला तर ते तुम्हीच जुळवा. त्या आयटीआयवाल्याच्या हातून मला ते नको.

"दखू," म्हणजे बघू, एवढंच म्हणाले. मी निघाले तेव्हा सुतळी पुन्हा वळायला घेतली होती.

१४ एप्रिल, मंगळ.

नानांचा विचार अजून चालूच. दुसऱ्या फर्म्याची प्रुफं आली, नव्या पोऱ्याने जुळवलेली. चुका इतक्या की मला त्यात घालायला जागा नाही. एकेक सुधारत बसले, देवरेची गाढवंसुद्धा. आज प्रथमच कळलं की गाढव-गाढव-मी-राष्ट्र ह्यात स्पेलिंग बरोबर येतं. मूर्खासारखं आहे, पण येतं. हे कोणाला सांगणार नाही.

१६ एप्रिल, गुरु.

नव्या पोऱ्याला विचारलं, शब्द कुठे तोडायचा हे कोणी सांगितलंय का? म्हणाला, नाही मॅडम, जागा संपली की तोडतो. त्याला बसवलं. दोन सारखी अक्षरं शेजारी आली तर मधून. सांगताना पहिल्याच वाक्याला 'एवढंही' असा शब्द तोंडात आला होता. गिळला. तीन वेळा गिळला. त्याने वहीत उतरवून घेतलं.

१८ एप्रिल, शनि.

सकाळी प्रेसमध्ये पोचले तर दगडूभाऊ त्यांच्या स्टुलावर. धुतलेलं धोतर. नानांचा पत्ता नाही, ते भुसावळला गेलेत, सोमवारी येतील. होकार दिलाय की नाही, कोणालाच ठाऊक नाही. पोऱ्या कोपऱ्यात उभा राहून त्यांचे हात बघत होता.

"नानांनी बोलावलं?" मी विचारलं.

"नही. तुम्ही बोलायेल व्हतं."

मजकूर दिला. माझ्या अक्षरातला, अकरा ओळी चुकीचं-बरोबर, आणि खाली शेवटची ओळ. स्टिक हातात घेतली आणि खिळ्यांचा आवाज सुरू झाला, टिक, टिक, जसा रोज असायचा. अकराही शब्द माझ्याकडे न येता जुळवले. एकदाही विचारलं नाही.

शुद्धिपत्राची चिठ्ठी अरुंद, चार बोटं रुंदीची. बाराच्या सुमाराला ते स्टिक घेऊन टेबलाशी आले. खिळ्यांवर उलटं लिहिलं होतं: 'वरील सर्व चुका जुळाऱ्याच्या नसून मुद्रितशोधक कु. इंदुमती'. पुढे 'रामकृष्ण भंगाळे यांच्या आहेत' बसत नव्हतं.

"मॅडम, तुमनं नाव एक ओळमा मावत नही. कोठे तोडू?"

नाव तोडायचा नियम मी त्यांना कधी शिकवलेला नाही. नाव तोडत नाहीत, एवढंच सांगत आले सगळ्यांना. स्टिक त्यांच्या हातात होती, हात स्थिर होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिळ्यांकडे बघत होते.

सांगते, म्हटलं.

ते उभेच होते. 'इंदुमती'नंतर तोडा, म्हटलं, पण नाव पूर्ण छापा.